जिताड्याच्या मेंदूंतील विषाणु

अलिबाग आणि पेण तालुक्यांतील खारभूमीवर भाताच्या खालोखाल मान जिताड्याचा. पावसाळ्यांत भरतीच्या पाण्याबरोबर खाडींत येणारीं त्याचीं बारीक पिलें पकडावयाचीं, शेतांतल्या किंवा घराशेजारच्या तळ्यांत सोडावयाचीं आणि तीं वाढलीं म्हणजे सणावारीं अथवा पाहुणा आल्यावर जाळें टाकावयाचें, हा रिवाज या किनाऱ्यावर जुना आहे. १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात तो जिल्हा कुलाबा होता, तेव्हांही तो चालूच होता. साहेबाच्या बंगल्यावर जिताडा पोंचविण्याचीही एक रीत होती. पण तिचा इतिहास निराळा लिहावा लागेल.

खाडीच्या मर्जीवर चालणारी ही शेती फार वाढणें शक्य नव्हतें. निमखाऱ्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धनासाठीं चेन्नई येथें १९८७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेनें १९९७ सालीं बंदिस्त पाण्यांत जिताड्याची पैदास करून दाखविली. पिलांची विवंचना मिटली असें वाटलें. परंतु हजारों पिलें एका टाकींत दाटीनें वाढूं लागलीं कीं रोगालाही तीच दाटी सोयीची होते.

ऑस्ट्रेलियांतील उबवणकेंद्रांत जिताड्याचीं पिलें घाऊक मरत असल्याचें वृत्त १९९० सालीं प्रसिद्ध झालें. पिलूं अन्न सोडतें, काळवंडतें, पाण्यांत गरगर फिरक्या घेतें आणि मरतें. १९९२ सालीं जपानी संशोधकांनीं दुसऱ्या एका माशांतील अशाच रोगाचा विषाणु ओळखून त्याला नोडा-विषाणूंच्या कुळांत बसविलें. हे कण इतके सूक्ष्म कीं एका मिलिमीटरांत तीस-चाळीस हजार ओळीनें मावतील. त्यांचें सारें बीज आर. एन. ए. च्या दोन तुकड्यांत असतें. भारतांतील उबवणकेंद्रांत जन्मलेल्या जिताड्याच्या पिलांत हा रोग आढळल्याचा पहिला वृत्तांत २००५ सालचा आहे.

मेलेल्या पिलाच्या मेंदूचा पातळ काप साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं धरला तर पोकळ्या दिसतात. जणूं वाळवीनें खाल्लेलें लांकूड. पण वाळवी कोठें आहे? तें दाखविणारी युक्ति माशांसाठीं शोधलेली नव्हती. १९६९ सालीं येल विद्यापीठांत जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनीं बेडकाच्या पेशींवर ती प्रथम योजिली. त्याच वर्षीं एडिंबरो येथील मंडळींनींही तेंच साधलें. आर. एन. ए. अथवा डी. एन. ए. चा एक धागा आपल्या जोडीच्या धाग्यालाच बिलगतो, दुसऱ्याला नाहीं. म्हणून विषाणूच्या आर. एन. ए. शीं जुळणारा धागा तयार करावयाचा, त्याला खूण लावावयाची आणि तो कापावर सोडावयाचा. उरलेला धुऊन टाकला कीं खूण राहील तेथें विषाणु. याला इन सिटू हायब्रिडायझेशन म्हणतात. म्हणजे वस्तु जेथल्या तेथें ठेवून जुळविलेली जोडी.

आरंभीं ही खूण किरणोत्सर्गी असे आणि छायाचित्राच्या लेपावर ती उमटण्यासाठीं कित्येक आठवडे थांबावें लागे. १९८० नंतरच्या दशकांत डायगॉक्सिजेनिन आलें. हें द्रव्य डिजिटॅलिस जातीच्या वनस्पतींत सांपडतें, प्राण्याच्या देहांत नाहीं. त्यामुळें त्याला धरणारें प्रतिद्रव्य माशाच्या मांसाला चुकूनही चिकटत नाहीं. हृदयरोगावरील औषधाच्या झुडुपानें माशाच्या रोगाची खूण पुरवावी, हा योग मोठा मौजेचा! फ्रान्समधील संशोधकांनीं १९९६ सालीं अशा खुणेचे धागे समुद्री माशांतील या रोगासाठीं वापरले. मेंदू, मज्जारज्जु आणि डोळ्याचा पडदा यांतील पेशींवर निळा-जांभळा रंग चढला, कीं पिलूं फिरक्या कां घेतें हें निराळें सांगावें लागत नाहीं.

मांस वाटून पी. सी. आर. करणें अधिक जलद आणि अधिक तीक्ष्ण आहे, यांत शंका नाहीं. परंतु वाटलेल्या मांसांत विषाणु असल्याचें कळतें, तो कोणत्या पेशींत होता हें कळत नाहीं; आणि रोग त्याचाच कीं तो नुसता सोबती, हा तळेवाल्याचा खरा प्रश्न तसाच राहतो. मात्र आर. एन. ए. अत्यंत नाजूक. उघाडीपाशीं सकाळीं तरंगतांना सांपडलेलें, कुजूं लागलेलें पिलूं या परीक्षेला फारसें उपयोगी पडत नाहीं. फिरक्या घेत असलेलें पिलूंच उचलून ताबडतोब फॉर्मॅलिनमध्यें घालावें लागतें.