माता-नवजात परिचर्या (नांदेड व लातूर जिल्हे)

गरोदरपण, प्रसूती, त्यानंतरचे ४२ दिवस आणि बाळाचे पहिले २८ दिवस या काळात परिचारिका, एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) व गावपातळीवरच्या आशा कार्यकर्त्या घेतात ती काळजी. नांदेडचे (विष्णुपुरी) डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे गुंतागुंतीच्या प्रसूती येतात. तथापि नवजाताचा जीव इमारतीपेक्षा अखंड देखरेखीवर अवलंबून असतो. बाळाला कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीशी ठेवणे, पहिल्या तासात अंगावर पाजणे, पूर्ण मिनिटभर श्वास मोजणे (६० किंवा अधिक असल्यास धोका) ही कामे यंत्र करीत नाही. त्यांसाठी प्रत्येक पाळीत पुरेशा परिचारिका लागतात.

ऑक्टोबर २०२३च्या आरंभी नांदेडच्या या महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अनेक रुग्ण अत्यवस्थ अवस्थेतच आले, असे स्पष्टीकरण दिले गेले. ते मान्य केले, तरी त्यातून परिचर्या गावातच सुरू व्हायला हवी हेच सिद्ध होते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी घरोघरी काळजी घेऊन नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटवले (अभ्यास प्रसिद्ध १९९९). प्रसूती आता रुग्णालयात होतात, मग गृहभेटी कशाला, हा आक्षेप टिकत नाही. जंतुसंसर्ग व वजनघट बहुधा घरी परतल्यावर उघड होते. म्हणूनच आशा ३, ७, १४, २१, २८ व ४२व्या दिवशी घरी जाते. वॉर्डातील परिचारिका आणि उंबरठ्यावरची आशा या दोघींचीही पदे भरलेली असणे, हीच बाळाची खरी सुरक्षा होय.