दुय्यम भूमिकांतून दिसलेला काळ : डेनहॉम एलियट

वाचकहो, नाटकाचा इतिहास सांगताना आपण नायक-नायिकांची नावे आधी घेतो. पण ‘एकच प्याला’ पाहून घरी परतणाऱ्या प्रेक्षकाच्या डोक्यात सुधाकर-सिंधूइतकाच तळीरामही घोळत असतो. अशा बाजूच्या पण न विसरता येणाऱ्या भूमिका करणाऱ्याला चित्रपटाच्या भाषेत चरित्र अभिनेता म्हणतात. माझे म्हणणे असे की, एखाद्या समाजाने स्वतःविषयी काय झाकले आणि काय कबूल केले, हे पाहायचे असेल तर नायकापेक्षा या माणसाकडे पाहावे. त्यासाठी मी एक ब्रिटिश नट निवडला आहे : डेनहॉम एलियट.

एलियट यांचा जन्म ३१ मे १९२२ रोजी लंडनमध्ये झाला. ‘राडा’ या नामांकित नाट्यशाळेत ते फार काळ टिकले नाहीत. मग महायुद्ध आले आणि ते रॉयल एअर फोर्समध्ये बिनतारी यंत्रचालक व तोफची झाले. सप्टेंबर १९४२ मध्ये जर्मनीवरील हल्ल्याच्या वेळी त्यांचे बॉम्बफेकी विमान पाडले गेले आणि समुद्रात कोसळले. ते वाचले, पण पुढची जवळजवळ तीन वर्षे सायलेशियातील युद्धकैद्यांच्या छावणीत गेली. तेथे कैद्यांनी नाटके बसवली. एलियट यांची खरी नाट्यशाळा ती. समोरचा प्रेक्षक उपाशी आणि घरच्या पत्राची वाट पाहणारा. त्याला दिखाऊ अभिनय चालत नाही.

सुटकेनंतर ते रंगभूमीवर आले. १९५० मध्ये ‘व्हीनस ऑब्झर्व्ह्ड’ या नाटकात लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी त्यांना आपल्या मुलाची भूमिका दिली. चित्रपटांतही कामे मिळू लागली. १९५२ च्या डेव्हिड लीन यांच्या ‘द साउंड बॅरिअर’मध्ये ते विमान कारखानदाराचा मुलगा झाले. या मुलाला उडण्याची भीती वाटते, बापाला ती सांगण्याचे धैर्य नसते, आणि पहिल्याच एकट्याच्या उड्डाणात तो मरतो. त्या वर्षांत ब्रिटिश पडद्यावर न डगमगणाऱ्या युद्धवीरांची गर्दी होती. त्या गर्दीत खरोखर आकाशातून कोसळलेल्या या माणसाने भीतीचा चेहरा दाखवला. शौर्याच्या कथांत ज्याला जागा नव्हती, ते दुय्यम पात्राने सांगितले.

यानंतरचा दशकभराचा काळ त्यांना फारसा फळला नाही. देखणे, सुसंस्कृत तरुण म्हणून त्यांना घेतले जाई आणि विसरले जाई. साठच्या दशकात ब्रिटिश समाजाची घडी बदलली, कामगारवर्गातले नायक आले, आणि जुन्या उच्चभ्रूंकडे उपहासाने पाहिले जाऊ लागले. १९६४ च्या ‘नथिंग बट द बेस्ट’मध्ये एलियट यांनी घराण्याने टाकलेला, दारूत बुडालेला खानदानी गृहस्थ साकारला. हा माणूस एका महत्त्वाकांक्षी कारकुनाला बड्या लोकांत वावरण्याची रीत शिकवतो. येथून त्यांना आपली जात सापडली, म्हणजे नटाची जात : पडलेला, पण अदब न सोडलेला माणूस.

वैद्यक व्यवसायातला म्हणून मला १९६६ चा ‘अल्फी’ सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात ते चोरून गर्भपात करणारा माणूस झाले आहेत. काम काही मिनिटांचे. तो आधी या कृत्याच्या गांभीर्यावर प्रवचन देतो आणि मग पैसे घेतो. तो राक्षस नाही, थकलेला धंदेवाईक आहे, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. ब्रिटनच्या संसदेने गर्भपाताचा कायदा केला तो दुसऱ्याच वर्षी, १९६७ मध्ये. आपल्याकडे तो १९७१ मध्ये झाला. चित्रपटामुळे कायदा झाला असे मी म्हणत नाही. पण बंद खोलीत काय घडत होते, ते प्रेक्षकाने या चेहऱ्यात पाहिले.

पुढचे सारे यश साठीच्या उंबरठ्यावर आले. ‘ट्रेडिंग प्लेसेस’मधला बटलर, ‘अ प्रायव्हेट फंक्शन’मधला डॉक्टर आणि ‘डिफेन्स ऑफ द रेल्म’मधला जुना पत्रकार या भूमिकांसाठी त्यांना लागोपाठ तीन वर्षे सहायक अभिनेत्याचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्यातला डॉक्टर १९४७ मधला, रेशनिंगच्या दिवसांतला. गावातल्या पायांवर उपचार करणाऱ्या साध्या माणसाला तो कस्पटासमान लेखतो. पदव्यांची उतरंड अनुभवलेल्या आम्हा होमिओपॅथांना हे गृहस्थ मुळीच परके वाटत नाहीत! ‘अ रूम विथ अ व्ह्यू’मधल्या सरळमनाच्या मिस्टर इमर्सनसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. त्या चित्रपटाचे निर्माते मुंबईचे इस्माईल मर्चंट. तरुण प्रेक्षकांना मात्र एलियट ठाऊक आहेत ते इंडियाना जोन्सचे वेंधळे स्नेही मार्कस ब्रोडी म्हणून.

१९८७ मध्ये त्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे कळले. त्यांनी ते जगापासून लपवले आणि काम चालू ठेवले. ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड’मधला हसवणारा ब्रोडी हा या निदानानंतरचा आहे. ६ ऑक्टोबर १९९२ रोजी इबिझा बेटावर, एड्समुळे जडलेल्या क्षयाने ते गेले. परिणामकारक संयुक्त औषधोपचार १९९६ च्या सुमारास आले. पुढे पत्नी सुझन यांनी पुस्तक लिहून सारे उघडपणे सांगितले आणि अशा रुग्णांसाठी काम उभारले.

भीती, गर्भपात, घसरलेली प्रतिष्ठा हे सारे त्यांनी पडद्यावर उघड केले. स्वतःचा आजार मात्र ते उघड करू शकले नाहीत. दोष त्यांचा नव्हे. तेव्हाच्या समाजाने त्या आजारासाठी दुय्यम पात्राचीही जागा ठेवली नव्हती. आपल्याकडे १९८६ मध्ये चेन्नईत पहिले बाधित आढळले, त्यानंतर आपणही काही वेगळे वागलो नाही. रुग्ण औषधाआधी हे पाहतो की, समोरचा आपले ऐकून तोंड फिरवणार तर नाही ना. वाचकहो, आपल्या घराण्यांच्या इतिहासातही कर्त्या पुरुषांची नावे ठळक आहेत. शेजारी उभ्या असलेल्यांची नावे आणि त्यांनी गिळलेली दुखणीही त्या वहीत लिहावीत, एवढे मागणे मी आपल्याकडे मागतो.