बारा इंचांचा कागद

ऑक्टोबर १९९४. सुरतेच्या रिंग रोडवरचं एक कापड मार्केट. चपला बाहेर काढून तुम्ही दुकानातल्या पांढऱ्या गादीच्या कडेला मांडी घालून बसला आहात. समोर ३८६ मशीन, त्यावर एससीओ झेनिक्स. मायक्रोसॉफ्टने १९८० साली जाहीर केलेलं हे युनिक्सच, पण ते इथे कुणाला सांगणार? शेठच्या लेखी तो 'कोम्प्युटर' आणि तुम्ही 'मुंबईवाले इंजिनियर', मग मूळचे नंदुरबारचे का असेनात.

गेल्याच महिन्यात प्लेगच्या बातमीने हे शहर ओस पडलं होतं. लिंबायत-उधन्याची खानदेशी माणसं मिळेल त्या गाडीने ताप्ती लाइनवरून गावाकडे पळाली. आता ती परततायत. दिवाळी तोंडावर आली आहे, माल पडून आहे आणि बिलं निघत नाहीत. बिल तिहेरी लागतं: एक पार्टीला, एक ट्रान्सपोर्टला, एक दफ्तरी. कार्बनमधून खालच्या प्रतीवर उमटायचं तर सुया कागदावर आपटायलाच हव्यात, म्हणून डॉट मॅट्रिक्स. लेझरचं इथे काही काम नाही.

रात्रीचे अकरा वाजून गेलेत, म्हणजे एसटीडी पाव दरात. रिसीव्हर खांद्यात दाबून तुम्ही टाइप करताय आणि मुंबईहून सर सांगतायत, "आधी एलपीशट. शेड्युलर बंद केल्याशिवाय हात लावू नकोस. आता एलपीअ‍ॅडमिन, स्पेस, डॅश पी एप्सन, स्पेस, डॅश व्ही स्लॅश डेव्ह स्लॅश एलपी-झीरो, स्पेस, डॅश एम डम्ब."

"डम्ब?"

"डम्बच. साधं मॉडेल आहे ते. मग अ‍ॅक्सेप्ट एप्सन, आणि एलपीशेड चालू कर."

बिल पाठवता. पडद्यावर रिक्वेस्ट नंबर येतो, एप्सन-१. प्रिंटर ढिम्म. केबल काढून घालता, पुन्हा पाठवता, एप्सन-२. मग एलपीस्टॅट बघता तर प्रिंटर डिसेबल्ड. अ‍ॅक्सेप्ट म्हणजे नुसती ऑर्डर लिहून घेणं. माल गाडीत चढायचा तर एनेबल वेगळं द्यावं लागतं. ही विभागणी शहाणपणाची आहे, रिबन बदलताना रांग मोडत नाही. पण पहिल्या रात्री ते शहाणपण कुणाला सुचतंय!

एनेबल देताच हेड खरखरत धावतं. आणि प्रत्येक ओळ आधीची जिथे संपली तिथूनच, एक घर खाली सुरू होते. युनिक्स ओळीच्या शेवटी फक्त लाइनफीड पाठवतं. हेडला डावीकडे आणणारा कॅरेज रिटर्न कुणी द्यायचा? इंटरफेस स्क्रिप्टमध्ये एसटीटीवायला ओएनएलसीआर सांगता. वर प्रिंटरचा ऑटो-लाइनफीडचा डिप-स्विचही ऑन केलात तर दोन ओळींत एक कोरी पडेल, म्हणून तो तसाच ठेवता.

बिलं सुरळीत सुटतात. गठ्ठा हाती घेऊन दुकानाचे हिशेबनीस मेहताजी चष्म्यावरून बघतात. दुसरं बिल छिद्रांच्या रेषेच्या एक इंच वर सुरू झालंय, तिसरं दोन इंच. टोटल एका पानावर, सही दुसऱ्यावर. "पण तेरमुं बराबर छे," ते म्हणतात.

तेरावं! मेहताजींना एस्केप कोड ठाऊक नाहीत, पण निदान त्यांनी केलंय. प्रिंटर पान अकरा इंचांचं धरतोय, इंचाला सहा ओळी, म्हणजे ६६. खोक्यातला कागद दहा बाय बारा, म्हणजे ७२ ओळींचा. प्रत्येक फॉर्मफीड इंचभर आधी थांबतो. बारा बिलांचे १३२ इंच म्हणजे बरोबर अकरा कागद, म्हणून तेरावं पुन्हा जागेवर.

"काय व्हयनं भाऊ?" गठाणी बांधणारा लिंबायतचा पोरगा डोकावतो. "कागद लांबडा शे," तुम्ही म्हणता. त्याला पटतं.

सर आता पेंगुळलेत. "एस्केप, कॅपिटल सी, कॅपिटल एच. आस्कीत एच म्हणजे ७२. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच टाक, दर बिलाआधी जाईल." हाताने एकदाच पाठवून भागलं असतं, पण लाइट जाऊन आली की प्रिंटर परत अकरा इंचांवर. मेहताजींना खात्री हवी, म्हणून ते स्वतः बटण बंद-चालू करतात, कागद छिद्रावर बसवतात आणि वीस बिलं काढायला लावतात. वीसही जागच्या जागी. तिसरी प्रत फिकी येतेय. कागदाच्या जाडीचा खटका एक खाच मागे घेता, हेड जवळ सरकतं.

आता एकच राहिलं. बिलाच्या माथ्यावर 'श्री' हवं, आणि प्रिंटरच्या पोटात फक्त इंग्रजी अक्षरं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट तंत्र आपल्या लिप्या उमटवतं, असं तुम्ही सांगता. मेहताजी किंमत विचारतात, ऐकतात आणि पोराला हाक मारतात: सकाळी पहिलं काम, रबरी शिक्का करून आणायचा.