वाफेची दुसरी वही

कारंजा तालुक्यातलं धनज घ्या किंवा वऱ्हाडातलं दुसरं कुठलंही गाव, 'स्वस्त धान्य दुकान' हे नाव फक्त पाटीवर असतं. लोकांच्या तोंडी ते 'कंट्रोल'. "कंट्रोल उघडलं का जी?" "कंट्रोलात गहू आला म्हन्तेत." दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यविक्रीवर सरकारी नियंत्रण आलं आणि त्या नियंत्रणाचं इंग्रजी नाव दुकानालाच चिकटलं. पुढे कायदे बदलले, कार्डांचे रंग बदलले, नाव तेच राहिलं.

इंग्रजी शिकलेल्याला हा वापर अडाणी वाटतो. माझं मत उलटं आहे. या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ जर कुठे जिवंत असेल, तर तो आपल्या रेशनच्या दुकानात आहे.

'कंट्रोल'चं मूळ मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'कोन्त्रारोतुलुस' या शब्दात आहे. 'कोन्त्रा' म्हणजे समोरचा, विरुद्ध बाजूचा. 'रोतुलुस' म्हणजे गुंडाळी. त्या काळी हिशेब चामड्याच्या लांब पट्टीवर लिहून गुंडाळून ठेवत. एक गुंडाळी हिशेब ठेवणाऱ्याकडे, तिची जोड दुसऱ्याकडे, आणि दोन्ही ताडून पाहायच्या. फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता त्याचा 'कंट्रोल' झाला. हुकमत, ताबा हे अर्थ मागाहूनचे. आधीचा अर्थ पडताळा. ('रोतुलुस' निघाला 'रोता'पासून, म्हणजे चाकापासून, आणि हा 'रोता' आपल्या 'रथा'चा सख्खा नातलग.) रेशनचं वर्षानुवर्षं हेच तर चाललं होतं: एक नोंद कार्डावर, तीच दुकानदाराच्या रजिस्टरात. दोन्ही जुळल्या तर ठीक, नाहीतर तहसीलदाराकडे तक्रार. आता अंगठा लावून पॉस मशीनची पावती निघते, पण दोन नोंदी जुळवण्याचं तत्त्व तेच आहे.

वऱ्हाडात 'कंट्रोल' आणखी एका जागी ऐकू येतो. अकोला जिल्ह्यातल्या पारसला औष्णिक वीज केंद्र आहे, २५० मेगावॅटचे दोन संच. लोक त्याला नुसतं 'थर्मल' म्हणतात. तिथल्या 'कंट्रोल रूम'मधल्या कामाकडे जोड-वहीच्या, म्हणजे पडताळ्याच्या अर्थाने पाहिलं, तर ते फार चटकन समजतं.

अशा केंद्रात पाण्याची वाफ करणाऱ्या बॉयलरच्या माथ्यावर एक आडवं, जाड पोलादी पिंप असतं, त्याला ड्रम म्हणतात. खालून पाणी येतं, वरून वाफ जाते. पातळी फार खाली गेली तर नळ्या तापून फुटतात. फार वर गेली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनकडे जातं आणि पाती खराब होतात. मग पातळी पाहून पाणी कमी-जास्त करावं, इतकं सोपं? नाही. विजेची मागणी एकदम वाढली की वाफ जास्त ओढली जाते आणि ड्रममधला दाब उतरतो. दाब उतरला की पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर चढते. खरं पाणी घटत असतं, काटा मात्र वाढलं म्हणून सांगतो. त्या काट्यावर विश्वासून पाणी तोडलं तर घात होतो. मागणी उतरली की हाच खेळ उलटा होतो.

म्हणून नियंत्रक एकट्या पातळीवर विसंबत नाही. वाफ किती बाहेर गेली आणि पाणी किती आत आलं, या दोन आकड्यांचा जमाखर्च तो सतत मांडतो आणि पातळी त्याच्याशी ताडून पाहतो. कोन्त्रारोतुलुस! नोंदीसमोर नोंद.

पण 'वाफ किती गेली' हा आकडा येतो कुठून? वाफ तराजूत घालता येत नाही. नळीत एक अरुंद जागा ठेवतात आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक मोजतात. त्यावरून वजन काढायचं तर वाफेची घनता हवी, आणि घनता दाबाप्रमाणे, तापमानाप्रमाणे बदलत राहते. दाब १५० बारच आहे, पण तापमान ५५० अंशांवरून ५०० वर उतरलं, तर एका घनमीटरमधली वाफ साधारण ४४ किलोवरून ४८ किलोवर जाते. ही दुरुस्ती केली नाही तर प्रवाहाचा आकडा पाचेक टक्क्यांनी चुकतो, आणि वहीच खोटी पडते.

पूर्वी अभियंते हे आकडे छापील वाफ-कोष्टकांतून काढत. संगणकाला कोष्टक चाळण्यापेक्षा सूत्र सोयीचं. पाणी आणि वाफेच्या गुणधर्मांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९६७ च्या जुन्या सूत्रांच्या जागी १९९७ मध्ये उद्योगांसाठी नवी सूत्रं दिली. त्यांत दाब-तापमानाच्या नकाशाचे पाच विभाग पाडले आहेत. द्रवरूप पाण्याच्या एकाच विभागासाठी ३४ पदांची बेरीज आहे. ती एकदा मांडली की घनता, ऊर्जा, उष्णताधारकता सगळं तिच्यातून निघतं. नवी सूत्रं करण्यामागचं एक मोठं कारण वेग होतं. नियंत्रण करणाऱ्या संगणकाला उत्तर ताबडतोब लागतं आणि पुन्हा पुन्हा लागतं. बॉयलरमध्ये खरी वाफ, संगणकात आकड्यांची वाफ, आणि दोन्ही शेजारी शेजारी चालतात.

या आकड्यांच्या वाफेला इंग्रजीत 'सिम्युलेशन' म्हणतात. लॅटिनमध्ये 'सिमुलारे' म्हणजे सारखं दिसणं, नक्कल करणं, बतावणी करणं. त्याचं नातं आपल्या 'सम'शी लागतं. इंग्रजीतही हा शब्द पुष्कळ काळ ढोंग याच अर्थाने चालला. मराठी पुस्तकांत 'सदृशीकरण' येतं. शब्द बिनचूक आहे, पण तोंडात रुळत नाही. मला 'सोंग' जवळचं वाटतं. हिंदीतला 'स्वांग' तो हाच. आपल्याकडे सोंग म्हणजे निव्वळ लबाडी नव्हे. दंडार या लोकनाट्यात सोंग घेणाऱ्याने पात्राच्या चालीनेच चालावं लागतं, चुकला तर बघणारे लगेच ओळखतात. आकड्यांच्या वाफेवरही हेच बंधन आहे: तिने वाफेसारखंच वागलं पाहिजे, दाब उतरला की फुगलंच पाहिजे.

आता 'थर्मल'. ग्रीक 'थेर्मोस' म्हणजे उष्ण. संस्कृतात त्याचा भाऊ 'घर्म': उष्मा, आणि यज्ञात तापवलेल्या दुधाचं भांडंही. प्राचीन मूळ भाषेतला एक कंठ्य ध्वनी ग्रीकमध्ये 'थ' झाला, संस्कृतात 'घ' राहिला, इराणी भाषांत 'ग' झाला, लॅटिनमध्ये 'फ'. म्हणून फारसीतून आपल्याकडे 'गरम' आला, लॅटिनच्या 'फोर्नाक्स'वरून इंग्रजीत 'फर्नेस' झाला, आणि 'घर्म' घासत घासत मराठीत 'घाम' झाला. थर्मल, फर्नेस, गरम, घाम: पारसच्या भट्टीपुढे मे महिन्यात उभ्या असलेल्या कामगाराच्या भोवती हे चारही शब्द एकदम असतात, आणि चारही एकाच पोटचे आहेत. थर्मोडायनॅमिक्सला विश्वकोशाने 'ऊष्मागतिकी' म्हटलं. त्यातला 'उष्' म्हणजे जाळणं. 'उष्ण'चा प्राकृतात 'उण्ह', मग 'ऊन', आणि 'उष्णकाल'चा 'उन्हाळा'. म्हणजे पुस्तकी वाटणाऱ्या या नावात विदर्भाचा उन्हाळा आहेच. 'वाफ' संस्कृत 'बाष्प'वरून आली, आणि संस्कृतात बाष्प म्हणजे अश्रूसुद्धा. 'कढ' आला 'क्वथ्'पासून. 'काढा' आणि 'कढी' त्याच घरातले. मराठीत मायेलाही कढ येतो.

या सगळ्या शब्दांत 'उकळी' मात्र अशी आहे, की एका ठिकाणी ती संपतेच. साध्या दाबाला १०० अंशांच्या एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता लागते. दाब वाढवत गेलं की ही रक्कम घटत जाते. सुमारे २२१ बार आणि ३७४ अंशांना ती शून्य होते. तिथून वर पाणी आणि वाफ असा भेदच उरत नाही, म्हणून बुडबुडा नाही आणि उकळीही नाही. नागपूरजवळच्या कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच या रेषेच्या वर चालतात. वेगळं करायला काही नाही, म्हणून तिथे पारससारखा ड्रम नाही, आणि ड्रम नाही म्हणून पातळीचा काटाही नाही. कोळसा किती जळला आणि पाणी किती आत गेलं, हे प्रमाण तिथे सांभाळायचं असतं. त्याचा पडताळा पुढच्या टप्प्यावरच्या तापमानावरून किंवा एन्थॅल्पीवरून, म्हणजे वाफेतल्या ऊर्जेच्या हिशेबावरून, घेतात. एन्थॅल्पी कुठल्याही काट्यावर दिसत नाही. ती फक्त दुसऱ्या वहीत, सूत्रातून काढलेली असते.