मुलींचे स्वच्छतागृह आणि शाळेचे मैदान : कायदा काय सांगतो?

जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावात मुलीची शाळा सुटली की कारण 'घरची अडचण' असे सांगितले जाते. अनेकदा अडचण शाळेतच असते : स्वच्छतागृहाला कुलूप, आत पाणी नाही. म्हणून कायदा नेमका काय सांगतो, हे आपण सर्वांनी माहीत करून घेतले पाहिजे.

संविधान : अनुच्छेद १५(१) लिंगावरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई करतो. १५(३) स्त्रिया व बालकांसाठी विशेष तरतुदीची मुभा देतो. म्हणजे वेगळी सोय मुलीला आत आणण्यासाठी असते, बाहेर ठेवण्यासाठी नाही.

स्वच्छतागृह : शिक्षण हक्क कायदा, २००९ पहिली ते आठवीसाठी आहे. त्याच्या अनुसूचीनुसार मुलगे व मुली यांची स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पुरेसे, सुरक्षित पाणी बंधनकारक आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना या सोयींसाठी सहा महिन्यांची मुदत दिली होती.

मैदान : त्याच अनुसूचीत मैदान आणि खेळाचे साहित्यही आहे. स्वच्छतागृहापुढे 'मुलगे-मुली' हे शब्द आहेत, मैदानापुढे नाहीत. मैदान सर्वांचे आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील मुला-मुलींचे गट वेगळे असतात. पण 'मुलींचा संघ नाही' हे मुलीला खेळू न देण्याचे कारण होऊ शकत नाही.

तृतीयपंथी विद्यार्थी : २०१४ च्या नालसा निकालाने त्यांची ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याचे कलम १३ अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांत शिक्षण आणि खेळाची संधी भेदभावाविना देण्यास सांगते.

आपण काय करावे?
१. शाळा व्यवस्थापन समितीत किमान निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या माता-भगिनींनी तेथे हा विषय लेखी मांडावा.
२. माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर दुरुस्तीचा निधी आणि खर्च विचारावा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे.
३. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो. समाधान न झाल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये. बाबासाहेबांनी दिलेला हक्क कागदावर आहेच. कुलूप उघडेपर्यंत पाठपुरावा करणे आपले काम आहे.