मूत्राशयाचा पॅरागँग्लिओमा

मूत्राशयाच्या भिंतीतील स्वायत्त मज्जाजालाला चिकटून असलेल्या पेशींपासून उद्भवणारे, बहुधा नॉरॲड्रेनॅलिन स्रवणारे विरळा अर्बुद. अशीच गाठ अधिवृक्क ग्रंथीत झाली तर तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. ग्रंथीबाहेर कुठेही झाली तर पॅरागँग्लिओमा. मूत्राशयाच्या सर्व गाठींत हिचे प्रमाण ०.१ टक्क्याहून कमी. त्यामुळे एखाद्या मूत्ररोगतज्ज्ञाच्या उभ्या कारकिर्दीत असा रुग्ण एखादाच येतो, आणि तोही कपाळावर पाटी लावून येत नाही. मूत्राशयातील या गाठीचे वर्णन झिमरमन व सहकाऱ्यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले.

लक्षणे : लघवी होताना मूत्राशय आकसतो, भिंतीतली गाठ पिळली जाते आणि तिच्यातले नॉरॲड्रेनॅलिन एकदम रक्तात उतरते. डोके ठणकते, छातीत धडधडते, दरदरून घाम फुटतो, चेहरा पांढराफटक पडतो. कुणाला तिथेच भोवळ येते. बहुधा काही मिनिटांत सारे ओसरते आणि दवाखान्यात बीपी मोजेपर्यंत आकडा ताळ्यावर आलेला असतो. घरचे म्हणतात पित्त झाले असेल, डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. बऱ्याच रुग्णांना लघवीतून रक्तही जाते. काही गाठी मात्र संप्रेरक स्रवतच नाहीत. त्या सोनोग्राफीत अवचित सापडतात.

निदान : ‘लघवी करताना किंवा झाल्यावर डोके दुखते का?’ हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही, पण तो सहसा विचारला जात नाही. रक्त जाते म्हटले की रुग्णाला थेट दुर्बिणीच्या तपासणीला घेतले जाते, आणि घोटाळा तिथेच होतो. मूत्राशयाचा नेहमीचा कर्करोग आतल्या अस्तरातून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा वर येतो. पॅरागँग्लिओमा अस्तराखाली, स्नायूच्या थरात असतो. वर शाबूत, गुळगुळीत अस्तर आणि आतून डोकावणारा पिवळसर फुगवटा एवढेच दिसते. नेहमीच्या सवयीने त्याचा तुकडा काढायला जावे, तर टेबलावरच रक्तदाब भडकू शकतो. म्हणून असा फुगवटा दिसला, किंवा लक्षणांवरून शंका आली, तर तुकडा काढण्याआधी संप्रेरकांची तपासणी करायची.

ही तपासणी रक्तातील मुक्त मेटानेफ्रिन्सची (या संप्रेरकांपासून बनणाऱ्या पदार्थांची) किंवा २४ तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिन्सची. रक्त घेण्यापूर्वी रुग्णाला साधारण अर्धा तास शांत पाठीवर झोपवतात. धावतपळत आलेल्याचे रक्त घेतले तर आकडा फुगतो. या गाठीत नॉरॲड्रेनॅलिनपासून बनणारे नॉरमेटानेफ्रिन वाढलेले आढळते, कारण नॉरॲड्रेनॅलिनचे ॲड्रेनॅलिन करणाऱ्या विकराला अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसोलची साथ लागते आणि ती मूत्राशयात मिळत नाही. गाठ भिंतीत किती खोल गेली आहे ते एमआरआयवरून कळते. शरीरात दुसरीकडे अशी गाठ आहे का, हे एमआयबीजी स्कॅन किंवा गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅन सांगतो.

शस्त्रक्रियेची पूर्वतयारी : उपचार शस्त्रक्रियेचाच, पण सुरीइतकेच महत्त्व आधीच्या ७ ते १४ दिवसांना आहे. फेनॉक्सिबेन्झामाइन, प्राझोसिन यांसारखी अल्फा-रोधके हळूहळू वाढवत नेतात. सोबत भरपूर पाणी आणि मीठ द्यायचे. एरवी बीपीच्या रुग्णाला मीठ तोडायला सांगतात, इथे उलटे, कारण आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल झाल्या की त्या भरायला द्रव लागतो. रुग्ण नाक चोंदल्याची तक्रार करू लागला, की औषध लागू पडत असल्याची ती खूण मानतात. बसून रक्तदाब १३०/८० च्या खाली आणि उभे राहून वरचा आकडा ९० च्या वर, असे उद्दिष्ट असते. नाडी फार जलद असेल तर बीटा-रोधक देतात, पण अल्फा-रोधकानंतरच. क्रम उलटला तर रक्तवाहिन्या आणखी आवळतात आणि रक्तदाब हाताबाहेर जाऊ शकतो.

शस्त्रक्रिया : नेहमीच्या गाठी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढतात. ही मात्र स्नायूत असल्याने खरवडण्याने मूळ आत राहते, शिवाय प्रत्येक कापाबरोबर संप्रेरक सांडते. म्हणून मूत्राशयाचा तेवढा भाग पूर्ण जाडीसकट, भोवतीच्या निरोगी कडेसह कापून काढतात. पोट उघडून, लॅपरोस्कोपीने किंवा रोबोटच्या साहाय्याने. गाठ दाबायची नाही, चिमट्यात धरायची नाही, मूत्राशय तट्ट फुगवायचा नाही. शक्य तितक्या लवकर तिच्या शिरा बांधायच्या. शिरा बांधेपर्यंत भूलतज्ज्ञ चढणाऱ्या रक्तदाबाशी झुंजत असतो आणि बांधताच रक्तदाब धाडकन कोसळू शकतो; म्हणून मनगटाच्या धमनीत नळी घालून प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर पाहत राहावे लागते. गाठ मूत्रवाहिनीच्या तोंडाशी असेल तर ती वाहिनी सोडवून मूत्राशयात दुसरीकडे जोडतात. उरलेला मूत्राशय विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवून आठवडा-दहा दिवस कॅथेटर ठेवतात.

विकृतिशास्त्र : सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे गोळे-गोळे दिसतात, त्यांना जर्मन भाषेतले ‘झेलबालेन’ हेच नाव रूढ आहे. क्रोमोग्रॅनिन व सिनॅप्टोफायसिन या चाचण्या होकारार्थी, केराटिनची नकारार्थी. गाटा-३ ही चाचणी मात्र फसवी: ती मूत्राशयाच्या नेहमीच्या कर्करोगातही होकारार्थी येते आणि इथेही. तेवढ्यावर विसंबल्याने चुकीचे निदान झाल्याची उदाहरणे आहेत, आणि त्या चुकीची किंमत अख्खा मूत्राशय असू शकते.

पाठपुरावा : ही गाठ साधी की घातक, हे नुसत्या पेशी पाहून ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणापासून अशा सर्वच गाठी पसरू शकतात असे धरले जाते. त्यामुळे वर्षातून एकदा मेटानेफ्रिन्सची तपासणी किमान १० वर्षे करायची. एसडीएचबी या जनुकातील दोष आढळला तर गाठ पसरण्याचा धोका अधिक असतो. अशा रुग्णावर जन्मभर लक्ष ठेवतात आणि त्याच्या भावंडांना व मुलांनाही जनुकीय तपासणीसाठी बोलावतात, त्यांना काहीही त्रास नसला तरी.