वर्ध्याचे खानखोजे मेक्सिकोत मास्तर झाले, त्याची गोष्ट

परवा पाटणी चौकात चहा घेत होतो. ओळखीचा एक पोरगा आला. एम.एस्सी., बी.एड., टीईटी पास, आणि चार वर्षांपासून घड्याळी तासिकेवर. म्हणे, "भाऊ, एक एजंट म्हणते, टुरिस्ट व्हिसावर तिकडं जायचं, शाळा-शाळांत स्वतः जाऊन अर्ज द्यायचा, नोकरी पक्की. चार लाख मांगते. जाऊ का?"

हो-नाही म्हणायच्या आधी मी त्याला पांडुरंग सदाशिव खानखोजे सांगितले. त्यानं नाव ऐकलं नव्हतं. वर्ध्याचा माणूस, आपल्यापासून किती लांब? पण आपल्या पुस्तकांत त्यांना जागा नाही, त्यात पोराचा दोष नाही.

टिळकांच्या विचारानं पेटलेला हा तरुण देश सोडून निघाला तो काळ म्हणजे, वाशीम जिल्हा मोडून इंग्रजांनी अकोल्यात घातला (1905), त्याच्या आसपासचा. जपान करून ते अमेरिकेत गेले. ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कॉलेजांत शेतीशास्त्र शिकले. दुसरीकडे 1913 च्या गदर चळवळीच्या पायाभरणीत होते. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. पुढे बर्लिन, मॉस्को. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव, त्यामुळे घरचा रस्ता बंद.

1924 मध्ये ते मेक्सिकोत पोचले. तिथं राजधानीजवळच्या चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी शाळेत प्राध्यापक झाले. आता ही नोकरी लागली कशी? जाहिरात पाहून नाही, कोणाला पैसे देऊन तर नाहीच. कॅलिफोर्नियात असताना मेक्सिकोच्या क्रांतिकारकांशी त्यांची दोस्ती झाली होती. क्रांतीनंतर त्याच मंडळींचे दिवस आले. जमीन शेतकऱ्यांना वाटायची होती, म्हणजे शेती शिकवणारा माणूस पाहिजेच होता. खानखोजे समोर जाऊन उभे राहिले तेव्हा दोन गोष्टी सोबत होत्या: जुनी ओळख आणि शेतीची पदवी. नुसती ओळख असती तर चहा पाजून वाटेला लावलं असतं, असं माझं मत.

आणि नोकरी लागली म्हणून ते थांबले नाहीत. मका, गहू, कडधान्यांवर संशोधन केलं. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. (आपल्याकडे सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला की शेतकरी कृषी केंद्रवाल्याला विचारतो, हे जाता जाता.) त्यांच्या मक्याचे फोटो टीना मोदोत्ती या नामांकित छायाचित्रकारानं काढले. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकारानं मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात खानखोजेंना दाखवलंय. मेजावर बसून भाकरी मोडणारे. देशात परतायला मात्र स्वातंत्र्य यावं लागलं. शेवटी ते नागपुरात राहिले आणि 22 जानेवारी 1967 ला गेले. 2022 मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा बसला, लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला उद्घाटनाला होते. बातमी आली, आपल्या पानावर चार ओळींची.

पोरगा ऐकून म्हणाला, "म्हणजे जाऊ?"

मी म्हटलं, तसा नाही. टुरिस्ट व्हिसावर नोकरी करणं बेकायदेशीर; सापडलास तर परत पाठवतील, आणि पुढची दारं बंद. परदेशी नोकरीला पाठवणारा एजंट सरकारकडं नोंदणीकृत पाहिजे, ई-मायग्रेट पोर्टलवर नाव शोध. असा एजंट 30 हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त फी घेऊ शकत नाही, पावती देऊन. चार लाख मागतो म्हणजे काय ते समज. आधी डिग्रीचं साक्षांकन करून ठेव, ते जिथं जाशील तिथं लागतं. मग शाळांना स्वतः लिही, मुलाखत व्हिडिओवर दे, नोकरीचं पत्र आणि कामाचा व्हिसा हातात आल्यावरच तिकीट काढ.

त्यानं खिशातून कागद काढला. एजंटनं दिलेला, त्यावर फक्त मोबाईल नंबर होता. पत्ता नव्हता. शिक्का नव्हता. बापानं दोन एकर विकायला काढलेत, असं उठता उठता बोलला. उद्या त्यांना घेऊन ऑफिसात ये म्हटलं. सौदा अजून झाला नाही.